चुलीवरचा कलमी केक : माझ्या वहीतल्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

आजपासून वहीत लिहून ठेवायचं ठरवलं, कारण दिवाळीनंतर दोन केक केले आणि त्यातला एक बरा झाला होता पण दही किती घेतलं होतं तेच आता आठवत नाही. काय करायचं ते आधी लिहिते. दालचिनीचा (आमच्याकडे तिला कलमी म्हणतात) साधा कॉफी केक, म्हणजे मऊ दह्याचा केक, मधोमध दालचिनी-साखरेचा पट्टा आणि वरून मैदा साखर आणि लोणी किंवा तूप चोळून केलेला खरपूस चुरा. रथसप्तमीच्या आत आमच्याकडे हळदीकुंकू असतं, पंचवीस-तीस बाया येतात, दरवर्षी चिवडा अन चहा, या वर्षी चहासोबत माझ्या हातचा केक द्यायचा आहे. बेकरीतून आणायचा नाही. आर्वी आमच्यापासून अर्धा तास, आणून देणारे आहेत, पण मला तो घरीच जमवायचा आहे.

ओव्हन नाही. कुकरमध्ये करणार नाही, कारण कुकरच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की पाण्याशिवाय तापवू नका, आणि रोजच्या वरणभाताचा कुकर मी त्यासाठी खराब करणार नाही. जुना जाड बुडाचा मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, आहे, लग्नातला, तो घेतला. तळाशी मीठ, त्यावर स्टँड, त्यावर केकचा डबा, वरून झाकण, आणि गॅस बारीक.

आजचा निकाल: बूड काळं, वरचा चुरा पांढरा आणि ओला. ४५ मिनिटं ठेवला होता. पोरीने मधला भाग खाल्ला, चव आवडली तिला, म्हणजे सुरुवात वाईट नाही.

२० नोव्हेंबर

आज मतदान होतं, कापूस वेचणीच्या बाया आल्या नाहीत, दुपार मोकळी मिळाली म्हणून परत केला. या वेळी मिठाऐवजी नदीची रेती, दोन बोटं जाड. रेती धुऊन वाळवली होती पण आतून ओलसरच राहिली असणार कारण गंज तापल्याबरोबर वाफ यायला लागली, ती सगळी झाकणाला लागून थेंब थेंब केकवर. चुऱ्याचा लगदा झाला. रेती आता परातीत पसरून चार दिवस उन्हात ठेवते.

शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांचा पहिला प्रश्न, "कॉफी केक म्हणतं तं कॉफी कुठी आहे व याच्यात?" हे सगळेच विचारणार म्हणून इथेच लिहून ठेवते. कॉफी नसतेच. अमेरिकेत ज्याला कॉफी केक म्हणतात तो कॉफीसोबत खायचा केक, जर्मनी हॉलंडकडून तिकडे गेलेल्या लोकांनी आपल्या घरचे असे केक सोबत नेले. इंग्लंडमध्ये मात्र कॉफी केक म्हटलं की खरंच कॉफी घातलेला केक. वरच्या चुऱ्याला स्ट्रॉयझेल म्हणतात, जर्मन शब्द आहे, भुरभुरणे या अर्थाचा. मी आपलं चुराच म्हणते. आणि आमच्याकडे तो चहासोबतच खाल्ला जाणार, कॉफी घरात पाहुणे आले की निघते.

२४ नोव्हेंबर

आज भाजण्याचं बाजूला ठेवून फक्त घोळावर लक्ष दिलं. आमची आमटीची वाटी औषधाच्या मापाने पाणी टाकून मोजली, बरोबर १५० मिली भरली. काटा आहे छोटा, त्यावर एक वाटी मैदा साधारण ८० ग्रॅम. वाटी दाबून भरली तर शंभरच्या पुढे जाते, म्हणून यापुढे सगळं काट्यावर.

सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही का लागतात ते भावाला फोन करून विचारलं, तो शाळेत विज्ञान शिकवतो. सोड्याला आंबट लागतं, दही मिळालं की लगेच गॅस सोडतो, म्हणून घोळ झाल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, सरळ डब्यात ओतून सरळ गंजात. बेकिंग पावडरमध्ये सोडा अन कोरडं आंबट दोन्ही आधीच असतं, ती थोडी ओलाव्याने आणि बाकीची आच लागल्यावर काम करते. सोडा जास्त झाला तर केक लालसर होतो आणि साबणासारखी चव येते. दिवाळीनंतरच्या पहिल्या केकला तीच चव होती, मी तेव्हा मैद्याला दोष देत होते.

थंडीचं आणखी एक. दही थंडगार असलं आणि त्यात पातळ केलेलं तूप ओतलं की तुपाच्या गुठळ्या होतात, आज झाल्या. दह्याचं भांडं कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं, मग घ्यायचं.

अर्धी कणिक अर्धा मैदा करून पाहिला. चव छान, गव्हाचा वास येते, पण घट्ट झाला, कोंडा पाणी ओढते म्हणून दूध वाढवावं लागेल. घरी खायला कणकेचा करीन, हळदीकुंकवाला मैदाच.

५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पूजा मांडली. आता महिनाभर घरात अंडं येणार नाही, आणि खरं म्हणजे हळदीकुंकवाला येणाऱ्यांपैकी निम्म्या बाया अंड्याचं खात नाहीत, तेव्हा आजपासून प्रमाण बिनअंड्याचंच बसवायचं. आतापर्यंत दोन अंडी आणि १५० ग्रॅम दही घेत होते. अंडी काढली तर बांधणी आणि ओलावा दोन्ही जाते. दही २४० ग्रॅम केलं, दोन चमचे दूध वर.

फुगला कमी, पण मऊ आहे, कापताना थोडा तुटतो. गरम असताना कापला हेही कारण असेल, उद्यासाठी अर्धा ठेवला आहे. (दुसऱ्या दिवशी: थंड झाल्यावर अजिबात तुटला नाही. बिनअंड्याचा केक पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही.)

८ डिसेंबर

आज कलमीचा दिवस. आमच्याकडे दुकानात दालचिनी मागितली तरी देणारा कलमीच म्हणतो, मसाल्याच्या यादीतही कलमीच लिहितात. नाव काही असो, मिळते ती जाड, कडक, एका पदराची साल, जिला कॅशिया म्हणतात. श्रीलंकेची खरी सिलोन दालचिनी पातळ पदरांची, विडीसारखी गुंडाळलेली असते अन बोटाने मोडते. भावाने नागपूरहून थोडी आणून दिली म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहता आल्या. दालचिनी हा शब्द फारसीतल्या दारचिनीवरून, म्हणजे चीनचं लाकूड, हे मला फार आवडलं. आणि आपला मसालेभातातला तेजपत्ता याच घराण्यातल्या झाडाचा.

केकमध्ये मला आपली जाड कलमीच जास्त आवडली. सिलोनची नाजूक, गोडसर, साखरेत हरवून जाते. कलमी तिखट लागते आणि भाजताना घरभर वास पसरते. फक्त एक, कॅशियामध्ये कुमारिन नावाचा घटक बराच असतो आणि तो रोज रोज जास्त पोटात गेला तर यकृताला बरा नाही, म्हणून ही पूड रोज चमचा चमचा दुधातून घेणाऱ्यांनी सिलोनची घ्यावी. केकच्या एका तुकड्यात चिमूटभर येते, त्याची काळजी नाही.

कुटायचं कसं: तव्यावर नुसती गरम करायची, रंग बदलू द्यायचा नाही, गार झाली की मिक्सर, मग बारीक चाळणी. चाळल्याशिवाय वापरली तर दाताखाली लाकूड येते. ३० ग्रॅम कलमीची साधारण २४ ग्रॅम पूड निघाली, चाळणीत राहिलेला चोथा चहात टाकतो.

१५ डिसेंबर

वर चुरा पांढराच राहतो, हे दुखणं महिनाभरापासून आहे. आच वाढवली की बूड जळते, कमी केली की वरचं भाजत नाही. भावाने एक युक्ती सांगितली. साखर साधारण १८६ अंशाला वितळते आणि आपल्याला केकला १८० च्या आसपास आच पाहिजे, तर दोन छोट्या वाट्यांत चमचा चमचा साखर ठेव, एक खाली स्टँडवर, एक वर झाकणाजवळ, आणि वीस मिनिटांनी पाहा.

केलं तसं. वाळलेली रेती, गंज पंधरा मिनिटं आधी तापवलेला. वीस मिनिटांनी खालच्या वाटीतली साखर कडेकडेने विरघळून पिवळी झाली होती, वरच्या वाटीतली जशी टाकली तशीच, दाणा न दाणा कोरडा. म्हणजे एकाच गंजात खाली १८६ च्या आसपास आणि वर त्याच्या खाली. मग चुरा कसा भाजणार. मी वाट्या घेऊन अंगणातच बसले, आई (सासूबाई) तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्यांनी विचारलं काय झालं, मी दोन्ही वाट्या दाखवल्या. त्या पाहून म्हणाल्या, "वरून जाळच नाही तं वरून भाजन कसं? रोडगे आपण गोवऱ्यात पुरतो तं चहूकडून आच लागते न. पानग्यावर नाही टाकत का आपण निखारे?"

इतकी वर्षं मी पानगे भाजले आहेत. कणकेचे गोळे पळसाच्या पानात थापायचे, खाली निखारे वर निखारे. केक म्हटल्यावर माझ्या डोक्यात ओव्हन होता, चूल आलीच नाही. आईंना मी लगेच म्हटलं, उद्या तुम्हीच चुलीशी बसा.

१६ डिसेंबर

गॅस बंद, चूल चालू. गंज चुलीवर, आत रेती, स्टँड, डबा. झाकणाच्या जागी लोखंडी तवा सुलटा ठेवला, त्याच्या खळग्यात निखारे. आई म्हणाल्या, "स्टीलचं झाकण नको ठेवू, कायं होईन आन वाकडंबी होईन. लोखंडाचा तवा घे, इंगळ बसतीन त्याच्यात."

पहिल्यांदा उत्साहात तवा भरून निखारे टाकले आणि तेही सुरुवातीपासून. दहा मिनिटांत वरून करपला, आतून कच्चा. वरचं कवच आधी कडक झालं, आतला घोळ नंतर फुगायला लागला तर जागाच नाही, मधून फाटून वर आला. पण एक गोष्ट झाली, चुऱ्यावर पाण्याचा एक थेंब पडला नाही. तवा गरम असल्यामुळे वाफ त्याला लागून पाणी होतच नाही, फटीतून निघून जाते. महिनाभर झाकण पुसत होते मी.

२२ डिसेंबर

चार दिवस कापसात गेले. आज निखाऱ्यांचा हिशोब केला, आई आणि मी दोघींनी मिळून.

पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) जाळ जोरात, पण निखारा पाच-सात मिनिटांत राख. वर ठेवायला निरुपयोगी, चूल पेटवायला उत्तम, आणि गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाट्या जास्त दिवस रचून ठेवू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो तेव्हा जाळून संपवलेल्याच बऱ्या. तुराटी (तुरीच्या काड्या) थोडी बरी, तरी हलकीच. गोवरीचा निखारा मंद, राखेची चादर ओढून बसतो, तासभर टिकतो. बाभळीचा सगळ्यात तेज आणि टिकाऊ.

म्हणून असं ठरलं: खाली बाभळीचं एक जाड लाकूड आणि जाळ नाही, फक्त निखारा. वर सुरुवातीची तीस मिनिटं गोवरीचे चार-पाच निखारे, तवा गरम ठेवण्यापुरते. केक मधोमध बसला, म्हणजे डबा हलवल्यावर डुलत नाही, की मग तव्यावर बाभळीचे निखारे दोन ओंजळी, दहा-बारा मिनिटं. मधूनच तवा उचलून पाहायचं नाही. उचलताना सांडशी दोन्ही हातांनी, आणि पोरीला त्या वेळेस लांब बसवायचं.

निघाला तेव्हा चुरा बदामी रंगाचा, कडक, हात लावला की खडखड वाजणारा. आईंनी एक खडा तोंडात टाकला, काही बोलल्या नाही, दुसरा उचलला. मला रडायला आलं खरंच.

५ जानेवारी २०२५

आता चुरा आणि मधला पट्टा. मार्गशीर्ष संपला तरी अंडं परत आणलं नाही, गरज वाटत नाही.

चुऱ्याला घरचं लोणी घेत होते, ताज्या लोण्यात पाणी बरंच राहते, त्याने पीठ भिजून गोळा होतो आणि भाजल्यावर पापडीसारखं पसरते. तुपात पाणी नसते. या थंडीत तूप रवाळ घट्ट बसलेलं असते, ते तसंच थंड घेऊन मैदा-साखरेत बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही, तळहाताची ऊब त्याला वितळवते. वाटाण्याएवढे खडे झाले की थांबायचं. करून झाला की रात्रभर ओसरीवर झाकून ठेवला तरी चालते, उलट जास्त चांगला राहते. उन्हाळ्यात हे जमणार नाही, तेव्हा फ्रिज लागेल.

गूळ घालून पाहिला साखरेऐवजी. चव भल्ली सुंदर, पण गूळ लवकर वितळतो आणि निखाऱ्याखाली करपतो. पाव हिस्सा किसलेला गूळ, बाकी साखर, एवढं सहन होते.

मधल्या पट्ट्याला नुसती साखर-कलमी जाड थर देऊन टाकली तर केक दोन मजली होतो, कापताना वरचा मजला घसरतो. त्यात एक चमचा मैदा मिसळायचा, पातळ भुरभुरवायचा आणि कडेला एक बोट जागा कोरी सोडायची म्हणजे वरचा खालचा घोळ कडेने चिकटतो. घोळ पातळ झाला तर सगळा पट्टा तळाशी जाते, चमच्यातून घोळ धार लागून न पडता थबकन पडला पाहिजे.

१४ जानेवारी

संक्रांत. चुऱ्यात दोन चमचे भाजलेले तीळ टाकले, सणाचं म्हणून. खूप चांगले लागले, तीळ कायम ठेवणार. हे एरवी गोड खात नाहीत, आज दोन तुकडे खाल्ले आणि रात्री परत विचारलं उरला का.

संत्र्याची साल किसून घोळात घातली होती, भावाने वरूडकडून आंबिया बहाराची शेवटची पेटी आणली होती त्यातली. वरवरची केशरी सालच किसायची, खालचं पांढरं आलं की कडू. संत्र आणि कलमी एकमेकांना शोभतात, पण हळदीकुंकवाला नको, तिथे कलमीच पुढे राहू दे.

१९ जानेवारी

एका डब्यात, सात इंची, बारा तुकडे नीट पडतात. तीस बायांना तीन केक. गंज एक. एका केकला चूल पेटवण्यापासून काढेपर्यंत सव्वा तास, म्हणजे तिन्ही मिळून अर्धा दिवस. आदल्या दिवशीच करावे लागतील आणि ते चालते, हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, कलमी मुरते. सुती कापडात गुंडाळून डब्यात, झाकण घट्ट नाही, नाहीतर चुरा नरम पडतो.

शेवटचं प्रमाण, एका केकचं, काकूंनी मागितलं म्हणून नीट लिहिते. मैदा २०० ग्रॅम, पिठीसाखर १४०, दही २४०, पातळ केलेलं पण गरम नसलेलं तूप ८०, बेकिंग पावडर एक छोटा चमचा सपाट, सोडा अर्धा, मीठ चिमूट, दूध लागलं तर दोन चमचे. पट्ट्याला साखर ४०, कलमी दोन छोटे चमचे, मैदा एक चमचा. चुऱ्याला मैदा ७०, साखर ६० (त्यातला पाव हिस्सा गूळ चालते), घट्ट तूप ४५, कलमी एक छोटा चमचा, तीळ दोन चमचे, मीठ चिमूट. आधी दही साखर तूप फेटून एकजीव, मग कोरडं सगळं दोनदा चाळून एकदम टाकायचं आणि पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, जास्त फेटलं तर चिवट होतो.

१ फेब्रुवारी

तिन्ही केक झाले. सकाळी सहाला चूल पेटवली. पहिला थोडा जास्त लाल, कारण रेती जास्त वेळ तापली होती. दुसरा वहीत लिहिलाय तसा. तिसऱ्याच्या वेळी बाभळीचं लाकूड संपत आलं, आई स्वतः वाड्यात जाऊन जुन्या वखराचं मोडकं लाकूड घेऊन आल्या, तेही बाभळीचंच निघालं. पोरीने तुकडे मोजले, छत्तीस, त्यातले दोन तिने आधीच मागून घेतले.

२ फेब्रुवारी

सत्तावीस बाया आल्या. वाण म्हणून छोट्या चाळण्या दिल्या, कलमी चाळायला चालतील अशा, त्यावर तिळगूळ, आणि ताटलीत केक, चहा. काकूंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की कॉफी शोधू नका. तीन जणींनी ओव्हन कोणता घेतला विचारलं. आईंनी त्यांना मागच्या अंगणात नेलं आणि चूल, गंज, तवा दाखवला, रेती किती, निखारे कधी बदलायचे हे सगळं त्याच सांगत होत्या, मी ओसरीवरून ऐकत होते, एक मिनिटही चुकलं नाही त्यांचं. म्हातारी मावशी आहेत शेवटच्या घरच्या, त्यांनी तव्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "म्हंजे पानगाच होय न हा, गोड पानगा."

सात तुकडे उरले. गंज आणि तवा काकू उद्या नेणार आहेत, त्यांच्याकडे मंगळवारी हळदीकुंकू आहे, रेती मी चाळून पिशवीत भरून ठेवली.